पाणी घातलेल्या मधाचे कोडे

मध नासत नाही आणि मध जंतू मारतो, ही दोन विधाने बहुधा जोडीनेच केली जातात. दुसरे विधान जणू पहिल्यातूनच निघते, असा एक समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात ही दोन वेगळी वैशिष्ट्ये आहेत आणि त्यांची कारणेही बऱ्याच अंशी वेगळी आहेत. हा वेगळेपणा ध्यानात यायला विसाव्या शतकाचा मोठा भाग खर्ची पडला. त्या शोधाच्या इतिहासात अमेरिकेतील एक शेतकी महाविद्यालय आहे, जर्मनीतील प्रयोगशाळा आहेत आणि सोलापूरच्या रुग्णालयातील भाजलेल्या रुग्णांचा कक्षही आहे. यातील शेवटच्या प्रकरणाची दखल परदेशी वैद्यकीय नियतकालिकांनी पुष्कळ घेतली. महाराष्ट्रात मात्र ते फारसे कुणाला ठाऊक नाही.

जखमेवर मध लावण्याची प्रथा किती जुनी आहे याविषयी वाद नाही. इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, इसवीसनापूर्वी सुमारे १६०० च्या शल्यचिकित्साविषयक लेखात मध आणि चरबी यांची पट्टी सांगितली आहे. चरकसंहितेत मधाचे ४ प्रकार येतात, सुश्रुतसंहितेत ८. सुश्रुताने मधाला शोधन आणि रोपण असे दोन गुण दिले आहेत, म्हणजे व्रण स्वच्छ करणारा आणि तो भरून आणणारा. ही वर्गवारी अनुभवातून आलेली आहे आणि नेमकी आहे. तथापि तिच्यात आधुनिक सूक्ष्मजीवशास्त्र शोधत बसणे योग्य नव्हे. चरकाने मध तापवून घेऊ नये असे बजावले, हे अलीकडे वारंवार सांगितले जाते आणि त्याला लगेच विकरांच्या नाशाचा शास्त्रीय आधार जोडला जातो. संहितेतले कारण वेगळेच आहे. माश्या आणि फुले यांच्यामार्फत मधात येणाऱ्या विषाशी ते निगडित आहे. दोन्ही निष्कर्ष जुळले, एवढ्यावरून दोन्ही विचार एक ठरत नाहीत.

मध का नासत नाही, याचे उत्तर तुलनेने सोपे आहे आणि ते प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात फळीवर बरणीत ठेवलेले असते. मुरांबा वर्षभर टिकतो तो साखरेमुळे. लोणचे टिकते ते मिठामुळे, तेलामुळे आणि खटाईमुळे. पक्व मधात सुमारे ८० टक्के शर्करा असते आणि १७ ते २० टक्के पाणी. परंतु हे पाणी नुसते प्रमाणाने कमी असते असे नाही, तर ते शर्करेच्या रेणूंनी धरून ठेवलेले असते. एखाद्या पदार्थातील पाणी सूक्ष्मजीवांना कितपत उपलब्ध आहे हे मोजण्यासाठी जलक्रियता ही राशी वापरतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता १ मानली जाते. बहुतेक जीवाणूंची वाढ ०.९ च्या खाली थांबते. जखमांत नेहमी आढळणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा चिवट जीवाणू सुमारे ०.८६ पर्यंत तग धरतो. मधाची जलक्रियता ०.६ च्या आसपास असते. अशा माध्यमात पडलेल्या जीवाणूच्या पेशीतून पाणी बाहेर ओढले जाते. या परासरणाला मध असण्याची गरज नाही, साधी साखरही ते काम करते. अर्जेंटिनातील चिरिफे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये दुषित जखमांत साखर भरण्याच्या उपचाराची मीमांसा केली ती याच जलक्रियतेच्या आधारे.

इतकेच असते, तर मधाचा इतिहास मुरांब्याच्या इतिहासाहून निराळा झाला नसता.

मध जीवाणूंना मारतो याची प्रयोगशाळेतील पहिली नोंद डच संशोधक व्हान केटेल यांच्या नावावर, १८९२ सालची आहे. पण कोडे खऱ्या अर्थाने समोर आले ते १९१९ मध्ये. कोलोरॅडो येथील शेतकी महाविद्यालयात वॉल्टर सॅकेट हे जीवाणूशास्त्रज्ञ एक अगदी व्यावहारिक प्रश्न घेऊन बसले होते. विषमज्वर, आमांश यांसारखे आतड्याचे रोग दुधातून आणि पाण्यातून पसरतात, तसे ते मधातूनही पसरतील काय? त्यांनी मधात मुद्दाम रोगजंतू मिसळले. काही तास ते काही दिवस इतक्या अवधीत ते मेले. मध रोगाचा वाहक नाही, हे उत्तर मिळाले आणि मधपाळांना हायसे वाटले असणार. परंतु सॅकेट यांच्या नोंदींत एक अडचणीची गोष्ट होती. मधात मर्यादित प्रमाणात पाणी घातले असता त्याची जंतू मारण्याची क्षमता कमी होण्याऐवजी वाढलेली दिसत होती.

परासरणाच्या सिद्धान्ताला हे मानवणारे नव्हते. पाक पातळ केला की मुरांब्याला बुरशी येते. पातळ केलेला मध अधिक मारक कसा होईल? जंतू जर केवळ पाण्याच्या तुटवड्याने मरत असतील, तर पाणी घातल्यावर त्यांना जीवदान मिळायला हवे. निरीक्षण उलटे होते. त्याचा अर्थ असा की मधात आणखी काहीतरी आहे आणि ते दाट मधात निष्क्रिय असून पाण्याच्या स्पर्शाने जागे होते. सॅकेट यांच्यापाशी त्याचे स्पष्टीकरण नव्हते. विशेष हे की त्यांनी ती नोंद गाळली नाही.

१९३७ साली जर्मनीत डोल्ड आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी या अज्ञात घटकाला 'इनहिबिन' असे नाव दिले. तो काय आहे हे त्यांना सांगता आले नाही, पण तो कशाने नष्ट होतो हे त्यांनी दाखवले: उष्णतेने आणि प्रकाशाने. साखर उन्हात ठेवून निकामी होत नाही. तेव्हा इनहिबिन म्हणजे साखर नव्हे, एवढे निश्चित झाले. पुढे चार वर्षांनी, १९४१ मध्ये, जर्मनीतच गाउहे यांनी मधमाशीच्या डोक्यातील ग्रंथींत ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करणारे एक विकर असल्याचे दाखवले. उत्तराचे दोन्ही तुकडे आता छापून झालेले होते. ते शेजारीशेजारी ठेवायला आणखी २२ वर्षे जावी लागली. महायुद्धाचा काळ होता आणि पेनिसिलिनने साऱ्या जगाचे लक्ष वेधून घेतले होते. भारतातही १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. प्रतिजैविकांच्या त्या भरभराटीत जखमेवर मध लावणे हा आजीबाईच्या बटव्यातला विषय ठरला.

१९६३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या फिलाडेल्फिया येथील प्रयोगशाळेत जोनाथन व्हाइट, मेरी सबर्स आणि शेपार्ट्झ यांनी इनहिबिनची ओळख पटवली. तो हायड्रोजन पेरॉक्साइड होता. औषधाच्या दुकानात मिळणारा, जखमेवर ओतला की फेसाळणारा तोच साधा पदार्थ. मात्र तो मधात साठवलेला नसतो, तिथल्या तिथे तयार होतो. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ग्लुकोज, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन यांच्यापासून ग्लुकॉनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते. मधातील प्रमुख आम्ल ग्लुकॉनिक आहे, हे त्याच प्रयोगशाळेने थोडे आधी दाखवले होते. मध आंबटसर का असतो, त्याचा सामू साधारण ३.२ ते ४.५ इतका कमी का, यालाही त्यातून उत्तर मिळाले.

विकराचे हे काम मधमाशीच्या बाजूने पाहिले म्हणजे सॅकेट यांच्या कोड्याचा उलगडा होतो. फुलातून आणलेल्या मकरंदात पाणी भरपूर असते, कित्येकदा निम्म्याहून अधिक. असा पातळ गोड रस उबदार पोळ्यात ठेवला तर तो आंबणारच. कामकरी माश्या पंखांनी वारा घालून त्यातील पाणी उडवतात, पण त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात रसाचे रक्षण कोणी करायचे? ते काम ग्लुकोज ऑक्सिडेज करते. मध पक्व होऊन दाट झाला की राखण करायला साखर समर्थ असते, आणि पाण्याअभावी विकरही जवळजवळ थांबते. पुढे त्याच मधात पुन्हा पाणी मिसळले की थांबलेले काम पुन्हा सुरू होते. जखमेत ते पाणी शरीरच पुरवते. पाझरणारी लस मधाला पातळ करते आणि नेमक्या त्या ठिकाणी पेरॉक्साइड बनू लागतो.

याचे परिमाणही लक्षात घेण्याजोगे आहे. औषधाच्या दुकानातील ३ टक्के पेरॉक्साइड ऊतींनाही इजा करतो. पातळ केलेल्या मधात जमणारा पेरॉक्साइड त्याच्या सुमारे एक हजारांश असतो, लिटरमागे १ मिलिमोलच्या आसपास. एवढ्या अत्यल्प मात्रेने काम भागते ते ती सतत पुरवली जाते म्हणून. सलाइन थेंबाथेंबाने चढवावे तसे. अर्थात यात एक मेख आहे. रक्तात आणि ऊतींत कॅटलेज नावाचे विकर असते आणि ते पेरॉक्साइडचे झपाट्याने विघटन करते. काचेच्या बशीतल्या प्रयोगात जे घडते तेच जखमेत तितक्याच प्रमाणात घडेल असे म्हणून सांगता येत नाही. ते रुग्णांवरच तपासावे लागते.

ती तपासणी सोलापुरात झाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. भाजलेल्या माणसाचा मृत्यू पुष्कळदा आगीने न होता नंतरच्या जंतुसंसर्गाने होतो, कारण त्वचा नावाची तटबंदीच पडलेली असते. १९६८ साली चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन हे मलम प्रचारात आणले आणि ते जगभरातील भाजलेल्या रुग्णांच्या कक्षांत प्रमाण उपचार बनले. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी या प्रस्थापित मलमाशीच मधाची गाठ घालून दिली. १०४ रुग्ण, निम्म्यांना मध, निम्म्यांना मलम. निष्कर्ष १९९१ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त प्रसिद्ध झाले. लेख अवघा दोन पानांचा आहे. मध लावलेल्या जखमांपैकी ९१ टक्के ७ दिवसांत निर्जंतुक झाल्या. मलमाच्या गटात ७ दिवसांत संसर्ग आटोक्यात आला तो ७ टक्क्यांत. १५ दिवसांच्या आत मधाच्या गटातील ८७ टक्के जखमा भरल्या, मलमाच्या गटातील १० टक्के.

या आकड्यांनी प्रथम आनंद होतो आणि नंतर भुवई उंचावते. ८७ विरुद्ध १० हा फरक जीवशास्त्रात इतका दुर्मिळ आहे की तो दिसताच प्रयोगाची मांडणी पुन्हा वाचावीशी वाटावी. एक मर्यादा उघड आहे. मध चिकट असतो, त्याला वास आणि रंग असतो. कोणत्या रुग्णाला काय लावले आहे हे डॉक्टरांपासून लपवणे शक्य नाही. दुसरी मर्यादा पुढील काळात स्पष्ट झाली. सिल्व्हर सल्फाडायझिन संसर्ग रोखत असले तरी जखम भरण्याची गती ते मंदावत असावे, असा पुरावा नंतर जमत गेला आणि त्याचे प्रमाण उपचाराचे स्थान डळमळीत झाले. म्हणजे शर्यतीतील प्रतिस्पर्धी तितका वेगवान नव्हता.

सुब्रह्मण्यम मात्र एका यशावर थांबले नाहीत, आणि इथे त्यांचे काम खऱ्या अर्थाने मोलाचे ठरते. पुढील वर्षांत त्यांनी मधाची तुलना कृत्रिम पटलाशी केली, गर्भवेष्टनाच्या पट्टीशी केली, उकडलेल्या बटाट्याच्या सालींशीही केली. हा शेवटचा उपाय वाचून हसू येईल, पण तो त्या काळी स्वस्त पट्टी म्हणून खरोखर वापरला जात असे. १९९८ मध्ये त्यांनी मलमाबरोबरची तुलना ५० रुग्णांवर पुन्हा केली आणि या वेळी ऊतींचे सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षणही जोडले. सातव्या दिवशी मधाच्या गटात ८४ टक्के रुग्णांत नवी त्वचा समाधानकारक आली होती, मलमाच्या गटात ७२ टक्के. एकविसाव्या दिवशी १०० आणि ८४. मोजमाप वेगळे असल्याने १९९१ च्या आकड्यांशी सरळ तुलना करता येत नाही, तरीही दोन्ही गटांतले अंतर आता विश्वसनीय वाटावे असे होते.

त्यानंतर १९९९ चा प्रबंध आला. त्यात मधाची तुलना मलमाशी नव्हती. मध्यम स्वरूपाच्या भाजण्यात जळालेली त्वचा लवकर तासून काढून लगेच त्वचारोपण करणे आणि मधाच्या पट्ट्या बांधत राहणे, यांतील श्रेष्ठ काय, असा प्रश्न होता. उत्तर प्रबंधाच्या शीर्षकातच दिले आहे: शस्त्रक्रिया श्रेष्ठ. ज्या उपचाराने नाव मिळवून दिले त्याची मर्यादा त्याच शल्यचिकित्सकाने, तितक्याच स्पष्टपणे प्रसिद्ध केली. मधाच्या गुणगानासाठी १९९१ चा लेख आजही आवर्जून उद्धृत होतो. १९९९ च्या प्रबंधाच्या वाट्याला तेवढी लोकप्रियता आलेली नाही.

२०१५ साली कॉक्रेन समूहाने जखमांवरील मधाच्या २६ चाचण्यांचा, ३,०११ रुग्णांचा, आढावा घेतला. वरवरच्या आणि मध्यम खोलीच्या भाजण्यात रूढ पट्ट्यांपेक्षा मधाने जखम चार-पाच दिवस लवकर भरते, हा निष्कर्ष त्यात भक्कम ठरला. शस्त्रक्रियेनंतर दूषित झालेल्या जखमांतही मध उपयुक्त दिसला. पायांच्या जुनाट शिरांच्या व्रणांत ठोस लाभ दिसला नाही. भाजण्याच्या चाचण्यांपैकी बऱ्याचशा सुब्रह्मण्यम यांच्याच आहेत. ही गोष्ट सोलापूरच्या कामाचे महत्त्व सांगते, तशीच ती एक उणीवही दाखवते. एवढ्या मोठ्या, एवढे भाजलेले रुग्ण असणाऱ्या देशात इतर वैद्यकीय महाविद्यालयांनी हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा करून पाहायला हवा होता.

दरम्यान न्यूझीलंडमध्ये या कथेला वेगळेच वळण लागले होते. वायकाटो विद्यापीठातील पीटर मोलन यांनी निरनिराळ्या मधांत मुद्दाम कॅटलेज मिसळून पेरॉक्साइड नष्ट केला आणि मग त्यांची परीक्षा घेतली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात मनुका झुडपाच्या मधाची शक्ती पेरॉक्साइड गेल्यावरही बरीच शाबूत राहिली. त्या घटकाचे नाव २००८ साली कळले. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील हेन्ले यांच्या गटाने, आणि स्वतंत्रपणे वायकाटोनेही, तो मिथाइलग्लायॉक्सल असल्याचे दाखवले. मनुकाच्या मकरंदातील एका साध्या शर्करेपासून तो मध मुरताना हळूहळू बनतो. २०१० मध्ये नेदरलँड्समधील क्वाकमान आणि सहकाऱ्यांनी एका वैद्यकीय मधात मधमाशीचेच एक प्रथिन, बी डिफेन्सिन-१, हेही जंतुनाशक म्हणून काम करते हे सिद्ध केले. त्यांनी पुढे केलेल्या तुलनेत मनुका मधात ना ते प्रथिन सापडले ना पेरॉक्साइडचा संचय. दोन्ही मधच, दोन्ही जंतू मारणारे, आणि मारण्याच्या रीती वेगळ्या. 'मध' या एका शब्दाखाली किती भिन्न पदार्थ वावरतात, याची कल्पना यावरून येईल.

परासरणाचा वाटा किती आणि इतर घटकांचा किती, याचे बरेच स्वच्छ मोजमाप १९९९ साली कार्डिफ आणि वायकाटो येथील संशोधकांनी दिले. जखमांतून मिळवलेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या ५८ वाणांवर त्यांनी प्रयोग केला. साखरेचा प्रभाव जिथे अपुरा पडतो तिथून पुढे आणखी ७ ते १४ पट पातळ केल्यावरही मधाने त्यांची वाढ रोखली. सॅकेट यांच्या नोंदीला ८० वर्षे झाली होती.

हे सारे ज्ञान भारतीय बाजारातील बाटलीला लावू गेल्यास चित्र काहीसे अवघडते. आपल्याकडील जंगलातील आग्या माशीच्या मधात पाणी बरेचदा २० टक्क्यांहून अधिक असते. असा मध यीस्टमुळे आंबतो, म्हणून प्रक्रिया करताना तो साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, गाळतात आणि पाणी उडवतात. मध तापवणारा प्रत्येक जण लबाड असतो, हा समज त्यामुळे अन्यायकारक आहे. परंतु तापमान आणि वेळ यांवर काटेकोर लक्ष नसेल तर ग्लुकोज ऑक्सिडेज निकामी होते आणि उरतो तो बव्हंशी मुरांब्याचाच गुण. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मानके पाण्याचे प्रमाण मोजतात, अति तापवल्याची खूण असलेले एचएमएफ किलोमागे ८० मिलिग्रॅमच्या आत आहे का पाहतात, डायास्टेज हे दुसरे विकर तपासतात. ग्लुकोज ऑक्सिडेजची मर्यादा त्यांत नाही. मानके अन्न म्हणून मधाची आहेत आणि त्या अर्थाने ती योग्यही आहेत. पण बाटलीवरील 'कच्चा' किंवा 'शुद्ध' या शब्दांवरून त्यातील जीवाणूनाशक शक्तीविषयी काहीच कळत नाही.

शुद्धतेचा प्रश्न तर आणखी गुंतागुंतीचा आहे. ऊस आणि मका या वनस्पती कार्बन वेगळ्या मार्गाने स्थिर करतात, त्यामुळे त्यांच्या साखरेत कार्बन-१३ या जड समस्थानिकाचे प्रमाण बहुतेक फुलांच्या मकरंदापेक्षा किंचित जास्त असते. वस्तुमान-वर्णपटमापकाने हा फरक पकडता येतो. मक्याच्या पाकाची भेसळ ओळखण्यासाठी ही पद्धत १९७८ साली ज्यांनी पक्की केली, त्यांत इनहिबिनचे कोडे सोडवणारे जोनाथन व्हाइटच होते. भेसळ करणाऱ्यांनी मग तांदळापासून बनवलेल्या पाकाकडे मोर्चा वळवला, कारण भात त्या बाबतीत फुलझाडांच्याच पंगतीत बसतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने १३ नाममुद्रांचे २२ नमुने तपासून घेतले, त्यांत अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाची, म्हणजे एनएमआरची, चाचणीही होती. सर्व चाचण्यांत उतरलेले नमुने ५ निघाले. उत्पादकांनी हे निष्कर्ष अमान्य केले. त्याच वर्षी ऑगस्टपासून अमेरिकेला निर्यात होणाऱ्या मधासाठी एनएमआर चाचणी सक्तीची झाली होती. देशात खपणाऱ्या मधाला ती सक्ती नव्हती.

एका बाबतीत मात्र शुद्ध, कच्चा, न तापवलेला मधही निर्दोष नाही, आणि भारतात ही गोष्ट सर्वांत निकडीने सांगण्याची गरज आहे. मध वाढत्या जीवाणूंना मारतो. बीजाणू त्याला दाद देत नाहीत. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे बीजाणू मातीतून, धुळीतून मधात येतात आणि तिथे निद्रिस्त राहतात. प्रौढांच्या आतड्यात त्यांचा निभाव लागत नाही. एक वर्षाखालील बाळाच्या अपरिपक्व आतड्यात ते रुजू शकतात आणि स्नायू लुळे पाडणारे विष निर्माण करतात. हा आजार १९७६ साली कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला आणि १९७९ मध्ये मधाशी त्याचा संबंध दाखवण्यात आला. नवजाताला मध चाटवण्याची आपली प्रथा जातकर्म संस्कारापासून चालत आलेली आहे, घरातील वडीलधारी मंडळी ती मायेने पाळतात. आजार विरळा आहे, पण तो टाळण्याचा उपाय बिनखर्चाचा आहे: वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध, कोणताही मध, देऊ नये.

जखमेच्या बाबतीत हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. तापवून बीजाणू मारावेत तर विकर त्याआधीच नष्ट होते. न तापवावे तर खोल जखमेत बीजाणू सोडल्यासारखे होते. या पेचातून वाट काढली ती गॅमा किरणांनी. कोबाल्ट-६० मधून निघणारे हे किरण बीजाणूच्या जनुकद्रव्याचे तुकडे करतात, पण मधाचे तापमान फारसे वाढवत नाहीत. १९९६ मध्ये मोलन आणि अ‍ॅलन यांनी दाखवले की निर्जंतुकीकरणास पुरेशा मात्रेनंतरही मधाची जीवाणूनाशक शक्ती टिकून राहते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली जखमांसाठी ज्या मनुका मधाच्या पट्ट्यांना संमती दिली, त्यांतील मध याच रीतीने निर्जंतुक केलेला होता. भारतात हे तंत्र परके नाही. वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा आयसोमेड प्रकल्प तुर्भ्याला १९७४ पासून आहे, आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातील अन्नतंत्रज्ञांनी भारतीय मधावर गॅमा किरणांचा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्धही केले. सोलापूरचे रुग्ण आणि तुर्भ्याचे किरण यांच्यामध्ये रेल्वेने एका रात्रीचे अंतर आहे. आग्या किंवा सातेरी माशीचा, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला, विकराची क्रियाशीलता मोजून प्रमाणित केलेला मध घेऊन अनेक रुग्णालयांत एकाच वेळी चाचणी करायची, तर त्यासाठी लागणारे सर्व घटक या देशात उपलब्ध आहेत.